कुनुगी घराण्याचे शुद्धिपत्र

शिरासावा, मेंढ्याचे वर्ष, तिसरा महिना, पाचवा दिवस

चि. नुईस शुनसाकुदादाचे अ. उ. आ. वि. वि.

तू एदोहून पाठवलेले वाळवलेले समुद्रशेवाळ पोचले. तुझी वहिनी म्हणते की एदोतले शेवाळसुद्धा एदोतल्या माणसांसारखेच, पातळ आणि महाग. खाल्ले मात्र तिनेच.

आता आनंदाची वार्ता. एदोतल्या शोगुन सरकारने देशातल्या सर्व जहागीरदारांकडून त्यांच्या घराण्यांच्या वंशावळी मागवल्या आहेत, आणि आपल्या कुनुगी घराण्याची वंशावळ लिहिण्याचे काम माझ्याकडे आले आहे. तीस वर्षे दरबारच्या शाळेत मुलांकडून अक्षरे गिरवून घेतली, त्याचे हे फळ असे मी समजतो. किल्ल्यातल्या दप्तरखान्याची किल्ली आता माझ्या कमरेला असते. तुझी वहिनी म्हणते की लग्नाच्या दिवशीही तुम्ही इतके खुलला नव्हता.

लहानपणी मी घराण्याचा इतिहास सांगू लागलो की तू झोपून जायचीस, म्हणून थोडक्यात पुन्हा सांगतो. या इतिहासाचे दोन भाग पडतात, चढ आणि उतार. चढ एका दिवसात संपला. दोनशे वर्षांपूर्वीच्या मोठ्या लढाईत मूळपुरुष गोरोबेइ यांनी अवघ्या चाळीस माणसांनिशी हायासे नदीचा उतार दिवसभर रोखून धरला, शत्रूला अलीकडे येऊ दिले नाही, आणि त्याबद्दल तीस हजार कोकु तांदळाची जहागीर मिळवली. त्यानंतर जो उतार लागला तो अजून चालू आहे. पाचव्या धन्यांनी शोगुनांच्या किल्ल्यात चुकून दुसऱ्या जहागीरदाराच्या चटईवर बैठक मारली, आणि त्या एका बैठकीपायी तीस हजारांचे अकरा हजार झाले. आज या अकरा हजारांवर दोनशे बारा सामुराई कुटुंबे जगतात. त्यांत आपलेही एक.

माझी पद्धत अशी की तीन निरनिराळ्या कागदांचा आधार मिळाल्याशिवाय एकही गोष्ट लिहायची नाही. या पद्धतीत एकाच ठिकाणी अडलो आहे. सध्याचे धनी नाओतोकि यांचा जन्म एदोच्या कागदांत वाघाच्या वर्षी दाखवला आहे, तर इथल्या देवळाच्या नोंदीत सापाच्या वर्षी. म्हणजे तीन वर्षांचा फरक. पहिल्या हिशोबाने ते आज अठरा वर्षांचे, दुसऱ्याने पंधराचे. तू त्यांची दाई. ते याच किल्ल्यात जन्मले आणि सुईणीच्या हातून पहिल्यांदा तुझ्याच हातात आले. तेव्हा वर्ष कोणते ते आठवून कळव.

एदोच्या दगदगीत या थोरल्या भावाची आठवण राहू दे.

शुनसाकु


एदो, तिसरा महिना, विसावा दिवस

ती. दादांच्या पायांशी नुईचा शि. सा. न. वि. वि.

पत्र पोचले. वहिनींना सांगावे की पुढच्या खेपेस जाड शेवाळ पाठवीन, म्हणजे खाताना तोंड गुंतून राहील.

इकडे धन्यांच्या एदोतल्या हवेलीत सर्व क्षेम. धन्यांना थोडा खोकला आहे. वैद्यांनी थंड कुट्टूच्या शेवया बंद केल्या, तर धनी म्हणाले की मग मला वैद्यच बंद करून द्या. हौदातल्या सोनेरी माशांना त्यांनी आपल्या कारभाऱ्यांची नावे दिली आहेत. सर्वांत लठ्ठ माशाचे नाव मुरोता. मुरोता म्हणजे आपले सरकारदरबारातले वकील, हे तुम्हाला ठाऊक आहेच. स्वारी रोज त्या माशाला भात घालते आणि तो अंगाने भरतो आहे म्हणून खूश असते.

जन्माच्या वर्षाविषयी विचारलेत. एदोच्या कागदांत जे आहे तेच लिहावे. वाघ. याहून अधिक मी लिहीत नाही, तुम्हीही पुन्हा विचारू नये. दादा, एवढे एक माझे ऐका. लहानपणी मी तुमच्या इतिहासाला झोपून जायची, ते काही ऐकू येत नसे म्हणून नव्हे.

धाकटीवरची माया पातळ होऊ देऊ नये.

नुई


शिरासावा, चौथा महिना, आठवा दिवस

चि. नुईस अ. उ. आ.

तुझे उत्तर वाचून हसू आले. पंधरा वर्षांपूर्वीचे आठवत नाही असे सरळ लिहिण्याऐवजी बायका पत्रात असे गूढ लिहितात. त्यात लाजण्यासारखे काही नाही. विसरणे हा माणसाचा स्वभाव आहे, आणि कागद त्यासाठीच असतात.

दोन मोठे शोध लागले आहेत. पहिला मूळपुरुषांविषयी. त्यांच्या आचाऱ्याने बायकोला लिहिलेले एक पत्र हाती आले. त्यावरून कळते की मूळपुरुष लढाईला वेळेवर पोचलेच नव्हते. नदीला पूर होता, आणि चाळीस जण सामानासकट पाण्यात पडून कसेबसे काठाला लागले होते. ऊन पडताच त्यांनी निशाणे, अंगरखे, पांघरुणे, जे जे भिजले ते सारे बांबूंवर टांगून काठाकाठाने वाळत घातले. पलीकडून येणाऱ्या शत्रूला हे प्रचंड सैन्याचे निशाण वाटले आणि तो लांबच्या वाटेने निघून गेला. मूळपुरुष दिवसभर झोपले होते, असे आचारी लिहितो. म्हणजे दर वर्षी आपण किल्ल्यावर ज्या गांभीर्याने निशाणे उभारतो, तो वास्तविक कपडे वाळत घालण्याचा सोहळा आहे! अभ्यासाने इतिहास कसा जिवंत होतो ते यावरून दिसेल. हा भाग मी तीन पानांत विस्ताराने लिहिला आहे.

दुसरा शोध धन्यांच्या जन्माचा. एकाऐवजी चार आधार मिळाले. देवळाची नोंद, देवाला वाहिलेल्या वस्त्रावरचा मजकूर, सुईणीच्या हातची चिठ्ठी, आणि माझी स्वतःची रोजनिशी. त्या दिवशी बर्फामुळे शाळा बंद ठेवल्याचे मी लिहिले आहे, आणि शेजारीच किल्ल्यात मुलगा झाल्याचेही. चारही ठिकाणी सापाचे वर्ष. एदोतल्या कुण्या आळशी कारकुनाने वाघ लिहिला आणि दहा वर्षांत तो कोणी तपासला नाही. या चुकीवर मी एक स्वतंत्र टीप लिहून चारही आधारांच्या नकला जोडल्या आहेत.

ग्रंथ आज जासुदाबरोबर मुरोतांकडे रवाना केला. पाठवताना हात जड झाला होता. मुलीला सासरी पाठवताना होत असेल तसा. आपल्याला मुलगी नाही म्हणून अंदाजाने लिहितो.

दादाचे कौतुक थोडे करावे, फार केले तरी चालेल.

शुनसाकु


एदो, चौथा महिना, सव्विसावा दिवस. तातडीच्या जासुदाबरोबर

ती. दादांस सा. न. वि. वि.

हे पत्र वाचून लगेच जाळावे.

धन्यांना आठ दिवस ताप आहे. कालपासून खोकल्याबरोबर रक्त येते. वैद्य नाडी पाहतात आणि बागेकडे बघत बसतात.

तुम्ही जन्मभर सर्वांना समजावून देत आलात. आज मला तुम्हाला एक गोष्ट समजावून द्यायची आहे, आणि तुम्हाला पायरीपायरीने सांगितलेले आवडते म्हणून तशीच सांगते. निपुत्रिक जहागीरदार वारला की जहागीर सरकारजमा होते. मरण्यापूर्वी त्याने दत्तक घेतला तर घराणे राहते. पण मरणाच्या दारातला दत्तक सरकार तेव्हाच मंजूर करते, जेव्हा घेणारा निदान सतरा वर्षांचा असेल. त्याहून लहान मुलाला दत्तकातले काय कळते, असा सरकारचा विचार आहे. मग ज्या घरात बाप तरुणपणी गेला आणि मागे लहान मूल उरले, त्या घराने काय करावे? त्याने मुलाचे वय वाढवून कळवावे. थोरले धनी गेले तेव्हा आपले धनी पाच वर्षांचे होते. आपण सरकारला आठ कळवले. मूल नाजूक असल्यामुळे आजवर कळवले नव्हते, आता धडधाकट झाले आहे, असेही लिहिले.

ही कारकुनाची चूक नव्हे, दादा. ही रीत आहे. शेजारच्या हवेलीतले धनी कागदावर चार वर्षांनी मोठे आहेत, समोरच्या हवेलीतले दोन वर्षांनी. ज्या अधिकाऱ्यांकडे आपण हे कागद देतो, त्यांच्या घरातल्या मुलांनाही दोन दोन वये असतात. एदोत हे सर्वांना माहीत आहे, फक्त कोणी लिहीत नाही. तुम्ही लिहिलेत, आणि वर चार पुरावे जोडलेत.

पाच वर्षांच्या मुलाला मीच आठ सांगायला शिकवले. दुधाचे दात पडू लागले तेव्हा सरकारी माणसांपुढे हसायचे नाही, हेही शिकवले. पुढे तो आमचा खेळच झाला. रोज सकाळी ते विचारत की नुई, आज मी किती वर्षांचा? पाहुणे यायचे असले की मी मोठा आकडा सांगे, नसले की खरा.

ग्रंथ कुठे आहे असे विचाराल. तो सरकारच्या वंशावळ कचेरीत आहे. लहान घराण्यांत आपण पहिले ठरावे म्हणून मुरोतांनी तो आला त्याच दिवशी मिठाईच्या पेटीसह नेऊन दिला. वाचला नाही. आमंत्रणाहून जाड असे ते काही वाचत नाहीत. मी वर्ष सांगितले तेव्हा ते होते तिथेच पायरीवर बसले आणि म्हणाले की वाईट अक्षरात साप आणि वाघ एकसारखे दिसतील का हो, नुईबाई? मी म्हटले, माझ्या भावाचे अक्षर कधी वाईट नसते.

धन्यांचे नऊ वर्षांचे चुलतभाऊ दत्तक घ्यायचे ठरले आहे. मुरोता म्हणतात की आता उपाय एकच. लिहिणाऱ्याने स्वतःच्या हाताने अर्ज करावा की सापाचे वर्ष ही माझी चूक आहे, मी बेफिकीर माणूस आहे. तुम्हाला सामुराईच्या रीतीने पोट चिरून मरणे याहून सोपे वाटेल, हे मी जाणते. पण तुम्ही पोट चिरलेत तर ग्रंथ खराच ठरेल. दोनशे बारा घरे आहेत. आणि एक मुलगा आहे, ज्याला आपल्यामुळे घराणे बुडेल याची ताप आल्यापासून एकच धास्ती आहे.

विलंब करू नये. धाकटी हात जोडते आहे.

नुई


शिरासावा, पाचवा महिना, दुसरा दिवस

चि. नुईस आशीर्वाद.

पत्र मिळाले. पहिला दिवस मी ते पुन्हा पुन्हा वाचण्यात घालवला. तुझ्या वहिनीने तीनदा चहा आणून ठेवला आणि तीनदा गार झालेला उचलून नेला. शेवटी ती म्हणाली की रोज शाळेतली पोरे चुकतात, त्यांचे काही प्राण जात नाहीत, तुम्हीही एकदा चुकून पाहा. तिला मी काही सांगितले नव्हते. तिला कसे कळले हे मला कळले नाही. एदोतले जे सर्वांना माहीत आहे तेही मला कळले नव्हते, तेव्हा या बाबतीत मी आश्चर्य करू नये.

दुसऱ्या दिवशी लिहायला बसलो. नुसते चूक झाली असे लिहून भागणार नाही, कारण चार पुरावे मीच जोडले आहेत. म्हणून प्रत्येकाचे स्वतंत्र खंडन केले. देवळाची नोंद करणारा भिक्षू त्या वर्षी दृष्टीने अधू झाला होता, असे दाखवले. वस्त्रावरचा मजकूर मूळ वस्त्र उंदरांनी खाल्ल्यावर नव्या वस्त्रावर उतरवताना बदलला, असे ठरवले. सुईण निरक्षर असून तिची चिठ्ठी मागाहून कोणीतरी लिहून दिली, असा तर्क मांडला. राहिली माझी रोजनिशी. तिच्याविषयी लिहिले की हा मनुष्य थंडीत साकेचा कढत प्याला फार घेतो आणि त्याच्या तारखांवर विसंबू नये. हे वाक्य लिहायला पाऊण दिवस लागला.

एक गोष्ट तुझ्यापाशी कबूल करतो. लिहिता लिहिता मला रंग चढला. अठ्ठावीस पाने झाली, आणि मूळ ग्रंथापेक्षा हे खंडन अधिक बांधेसूद झाले आहे. विरुद्ध बाजूचा पुरावा वाचकापुढे ठेवल्याखेरीज कोणतेही खंडन पुरे होत नाही, म्हणून सुईणीची मूळ चिठ्ठी शेवटी परिशिष्ट म्हणून जोडली आहे. अर्ज मोहोरबंद करून थेट मुरोतांच्या नावे याच जासुदाबरोबर देत आहे.

पत्र जाळ असे लिहिले होतेस. आजवर मी एकही कागद जाळला नव्हता, तरी तुझ्या शब्दाखातर जाळले. नक्कल ठेवली आहे.

धन्यांच्या प्रकृतीचे सविस्तर लिही. या मूर्खाला भाऊ म्हणत राहा.

शुनसाकु


एदो, पाचवा महिना, पंधरावा दिवस

ती. दादांस सा. न. वि. वि.

अर्ज आला तसा मुरोतांनी माझ्या हाती न देता सरळ कचेरीत नेला. तुमचे पत्र मी त्यानंतर उघडले. परिशिष्टाविषयी वाचले. त्यावर काही लिहीत नाही.

हे पत्र वाटेत कोणी उघडले तर त्याचीही करमणूक व्हावी, म्हणून इकडची खुशाली लिहिते. धन्यांची प्रकृती चार दिवसांपूर्वी होती तशीच आज आहे. उद्याही तशीच राहील. ताप पूर्ण उतरला आहे. खोकला नाही. दिवस उकाड्याचे आहेत, म्हणून खोलीत कापूर पुष्कळ ठेवला आहे आणि मीठही फार लागते. काल परवा तीन पोती आणवली. दाणेवाला म्हणाला की तुमच्याकडे लोणची घालतात वाटते. मी म्हटले, हो, यंदा बरीच.

परवा सरकारी तपासनीस येऊन गेले. धनी हयात असून स्वतःच्या मर्जीने दत्तक घेत आहेत, याचा पडताळा पाहण्याची रीत आहे. धनी पडद्याआड बिछान्यावर होते. पांघरुणातून हात बाहेर आला आणि कागदावर मोहोर उमटली. तपासनीस पडद्याबाहेरच बसले, चहा घेतला, आणि मोठ्याने म्हणाले की धन्यांनी जपावे, चेहरा जरा उतरलेला दिसतो. पडदा जाड होता. फार समजूतदार मनुष्य. निघताना माझ्याकडे पाहून त्यांनी वाकून नमस्कार केला, तो वकिलालाही केला नव्हता.

आता दत्तकाच्या मंजुरीची वाट आहे. मला काही दिवस पत्र लिहिता आले नाही तर वाईट वाटून घेऊ नये.

नुई


शिरासावा, पाचवा महिना, सत्ताविसावा दिवस

चि. नुईस अ. उ. आ.

ताप पूर्ण उतरल्याचे वाचून डोक्यावरचा डोंगर उतरला. शाळेला अर्धा दिवस सुट्टी दिली, आणि मुलांना कारण विचारू नका म्हटल्यावर त्यांनी आनंदाने विचारले नाही.

एक सूचना करतो. खोकल्याच्या आजारात खारवलेले पदार्थ चांगले नव्हेत, या विषयावर जुन्या वैद्यकग्रंथांचे एकमत आहे. धन्यांना इतके मीठ देऊ नये. मुळ्याच्या रसात मध घालून द्यावा. संबंधित उतारे सोबत लिहून पाठवतो.

तुझ्या वहिनीने तुझे पत्र वाचले आणि ती माजघरात निघून गेली. डोळे पुसत होती. आनंदाश्रू असावेत.

धन्यांना माझा मुजरा सांग.

शुनसाकु


एदो, सहावा महिना, बारावा दिवस

ती. दादांस नमस्कार.

आता पत्रे उघडण्याची कोणाला गरज उरली नाही, म्हणून सरळ लिहिते. तपासनीस येण्याआधी दोन दिवस धनी गेले होते. पांघरुणातला हात माझा होता. वहिनींना हे त्या दिवशीच कळले होते. तुम्ही त्यांच्यावर रागावू नये.

दत्तक नामंजूर झाला. तो कसा झाला हे मुरोतांनी येऊन सांगितले. सांगताना ते रडत होते आणि मध्येच हसतही होते. मी त्यांना पाणी दिले. वंशावळ कचेरीत चौदाशे घराण्यांचे गठ्ठे येऊन पडले आहेत. तिथल्या कारकुनाने त्यांना सांगितले की तुमच्या गठ्ठ्याची दोरी अजून तीन वर्षे कोणी सोडली नसती. तोवर दत्तक मंजूर होऊन तुमचे नवे धनी बारा वर्षांचे झाले असते, आणि जुन्या धन्यांच्या जन्माची चौकशी कोणी केली नसती. पण दुरुस्तीचा अर्ज आला की मूळ ग्रंथ काढून दोन्ही ताडून पाहावेत, असा तिथला नियम आहे. म्हणून दोरी सोडली. ताडून पाहणारे गृहस्थ तुमच्यासारखेच निघाले. चार दिवस घरी गेले नाहीत. तुमचे खंडन वाचून ते म्हणाले की असे लिखाण मी आयुष्यात पाहिले नाही, भिक्षूच्या दृष्टीपर्यंत मला पटलेसुद्धा होते. मग त्यांनी परिशिष्ट उघडले. निरक्षर सुईणीची चिठ्ठी तिच्या स्वतःच्या हातची आहे, हे अक्षर पाहूनच त्यांना कळले. खाली तिने आपले नाव, वर्ष आणि वेळ लिहिली आहे. त्यांना फार वाईट वाटले म्हणतात. पण तेही तीन कागदांच्या आधाराशिवाय काही लिहीत नाहीत, आणि आपण त्यांना चार दिले होते.

रीत सर्वांना माहीत असली तरी कागदावर आल्यावर ती कोणालाच माहीत नसते. तपासनीसांनाही त्या खोलीत काय होते ते एकदम आठवेनासे झाले. सरकारी नोंदीप्रमाणे धनी या महिन्याच्या दहाव्या दिवशी वारले. म्हणजे सरकारने त्यांना मेल्यावर एक महिना जगवले, आणि आपण जन्मण्याआधी तीन वर्षे.

शेवटच्या सकाळी ते शुद्धीवर होते. त्यांनी विचारले की नुई, आज मी किती वर्षांचा? मी सांगितले, अठरा. ते म्हणाले की बरे झाले, मग चालेल.

एवढेच. आज लोभाविषयी काही लिहवत नाही.

नुई


शिरासावा, सातवा महिना, आठवा दिवस

नुई,

तुझे पत्र मी उभ्यानेच वाचले. नंतर तुझ्या वहिनीने हात धरून बसवले.

काल किल्ला शेजारच्या दरबाराच्या हवाली केला. खोल्या, भाले, घोडे, तांब्याची भांडी, सर्वांची यादी मी केली होती. ताब्यात घेणारे अधिकारी म्हणाले की इतकी चोख यादी त्यांना आजवर कुठल्याही बुडालेल्या घराण्याकडून मिळाली नव्हती. मी आभार मानले. घरी येईपर्यंत त्या शब्दांचा अर्थ माझ्या ध्यानात आला नाही.

दोनशे बारा कुटुंबे निघाली आहेत. कोणी नातेवाइकांकडे, कोणी कुठेही. वाटेत भेटतात ते मला पूर्वीसारखाच वाकून नमस्कार करतात, कारण हे कोणामुळे झाले ते मुरोतांनी अजून इकडे कळवलेले नाही. मी दोघांना स्वतः सांगितले. पहिला म्हणाला की गुरुजी, तुम्हाला दुःखाने भ्रम झाला आहे. दुसरा माझा जुना विद्यार्थी. त्याने शांतपणे ऐकून घेतले आणि विचारले की चिठ्ठी जोडण्याचे कारण काय होते. मी कारण सांगितले. त्याने मान हलवली, मुलाला खांद्यावर घेतले आणि निघून गेला.

आणखी एक लिहिणे प्राप्त आहे. एदोच्या वंशावळ कचेरीतून मला पत्र आले आहे. आजवर उघडलेल्या ग्रंथांत माझा एकच पूर्ण विश्वासार्ह ठरला, आणि बाकीचे तपासण्याच्या कामी त्यांना माझी मदत हवी आहे. त्याच गृहस्थांची सही आहे. पहिले काम म्हणून कुनुगी घराण्याच्या प्रकरणाचा शेवटचा परिच्छेद लिहून मागितला आहे. मी अजून उत्तर दिलेले नाही. काय करावे ते मला कळत नाही. हे वाक्य मी पूर्वी कधी लिहिले होते का, ते रोजनिशीत शोधले. सापडले नाही.

तू कुठे आहेस, काय खातेस, कोणाजवळ राहतेस, ते कळव. आशीर्वाद देण्याचा अधिकार राहिला असेल तर दिला असे समज.

शुनसाकु


एदो, सातवा महिना, चोविसावा दिवस

ती. दादांस शि. सा. न. वि. वि.

हवेली रिकामी झाली. धन्यांना जिथे पुरले आहे, त्या देवळामागच्या दोन खोल्यांत मी सध्या राहते. भिक्षू चांगले आहेत. भाजी मात्र अळणी करतात, आणि मला तीच बरी वाटते. सोनेरी मासे मुरोतांनी आपल्या बिऱ्हाडी नेले. त्यांचे नाव कोणत्या माशाला दिले होते ते त्यांना मी आता सांगितले. बराच वेळ ते पाण्याकडे पाहत बसले होते.

कचेरीचे काम घ्यावे की नाही, ते मला विचारू नका. मी तुमच्यावर रागावले आहे. हा राग जाईल असे वाटत नाही, आणि तुम्हाला टाकून देता येईल असेही वाटत नाही. दोन्ही एकत्र कसे नांदतात ते तुम्ही समजावून द्याल, पण कृपा करून देऊ नका.

परवा थडग्याच्या दगडासाठी पाथरवट आला. भिक्षूंनी विचारले की वय किती कोरायचे. मुरोता शेजारी बसले होते. त्यांच्या तोंडून सवयीने अठरा निघाले, आणि नंतर त्यांनी माझ्याकडे पाहिले. खोलीत आणखी चार जण होते, सगळे जुने चाकर. वाचवायला घराणे उरले नव्हते, घाबरायला कचेरी उरली नव्हती. दहा वर्षांत पहिल्यांदा उत्तर देताना मला बाहेर कोण बसले आहे ते पाहावे लागले नाही. मी पंधरा सांगितले.

पाथरवटाचे अक्षर वाईट आहे. आधी कोणीतरी कागदावर लिहून दिले तर तो त्यावरून कोरतो. एदोला येणार असाल, कामासाठी किंवा कामाशिवाय, तर दगडावरचा मजकूर तुम्ही लिहून द्यावा. वहिनींनाही घेऊन या. नाव लिहा, आणि वय पंधरा लिहा. खाली पुरावे जोडू नका.

नुई